काडतुसाची लांबी एकसारखी का येत नाही?

पहिलं काडतूस १.१५० इंच. हवं तेवढंच. मी घरच्या प्रेसवरची डाय, म्हणजे पिस्तुलाच्या काडतुसात गोळी दाबून बसवणारा साचा, घट्ट केली, लॉक नट आवळला आणि शंभर काडतुसं भरायला बसलो. पंचवीसेक झाल्यावर सहज एक उचलून कॅलिपरमध्ये धरलं, तर १.१५६. दुसरं १.१५७, तिसरं १.१५५. मधल्या वेळात मी कुठल्याही नटाला हात लावलेला नव्हता. शंभर पूर्ण झाल्यावर सगळी ज्या क्रमाने निघाली त्याच क्रमाने मोजली, तर शेवटची तीन पुन्हा १.१५० वर आलेली.

फरक सहा थाऊचा. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. भोसरी-चिंचवडच्या जुन्या टर्नरशी बोललात तर हा शब्द कानावर पडेलच. मिलिमीटरमध्ये हा फरक ०.१५ भरतो, म्हणजे दोन केसांच्या जाडीएवढा. एवढ्याशा फरकाची काळजी कशाला, असं कुणालाही वाटेल. ती कधी करायची आणि कधी सोडून द्यायची, हे कळायला मला बराच काळ लागला. वापरलेली काडतुसं घरी पुन्हा भरण्याच्या या छंदात नव्याने पडणाऱ्या माणसाला तो लागू नये म्हणून हे लिहितो आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. मी अमेरिकेत, ओहायोत राहतो. इथे स्वतःच्या वापरासाठी घरी काडतुसं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. भरून विकायची असतील तर लागतो. भारतात चित्र पूर्ण वेगळं आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार दारूगोळा बनवायला परवाना लागतो, आणि विनापरवाना बनवणं हा तुरुंगात जाण्यासारखा गंभीर गुन्हा आहे. त्यामुळे तिकडच्या वाचकांनी हा लेख फक्त विषय समजून घेण्यासाठी वाचावा. अमेरिकेतल्यांनीही आपापल्या राज्याचे नियम पाहून घ्यावेत.

कोल्हापूरचे नातेवाईक मला नेहमी विचारतात, आपल्या राही सरनोबतसारखे नेमबाजही घरीच गोळ्या भरतात का? नाही. तिने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण जिंकलं. तो प्रकार .२२ च्या काडतुसांवर खेळतात. .२२ च्या काडतुसात पेट घेणारं रसायन पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं आणि घोडा त्या कडेवर आपटतो. एकदा चेपलेली ती कड पुन्हा वापरण्यासारखी राहत नाही. मी ज्यांबद्दल लिहितो आहे त्या काडतुसांच्या बुडाशी, बरोबर मध्यावर, वेगळा बसवलेला प्रायमर असतो. तो काढून नवा बसवता येतो, म्हणून ही काडतुसं पुन्हा भरता येतात.

नावांचा घोळ होऊ नये म्हणून एवढं सांगतो. बोलताना आपण अख्ख्या काडतुसालाच गोळी म्हणतो. इथे मी गोळी म्हणेन ते फक्त नळीतून बाहेर जाणाऱ्या तुकड्याला. पितळेची नळकांडी म्हणजे पुंगळी, बुडातली छोटी टोपी म्हणजे प्रायमर, आणि आत दारू. काडतुसाची लांबी म्हणजे पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतचं अंतर. गोळी बसवताना पुंगळी लहान-मोठी होत नाही, गोळीही होत नाही. त्यामुळे लांबी बदलली याचा अर्थ बहुतेक वेळा एकच: गोळी पुंगळीत कमी किंवा जास्त खोल बसली. लांबी मोजतो आपण बाहेरून, पण खरी काळजी आतल्या जागेची असते.

आतली जागा

पिस्तुलाच्या ९ एमएम काडतुसाची कमाल लांबी अमेरिकेत १.१६९ इंच, म्हणजे २९.६९ मिलिमीटर ठरलेली आहे. .४५ एसीपीची १.२७५ इंच. हे आकडे सामी नावाची, १९२६ पासून चालत आलेली काडतूस-उत्पादकांची संस्था ठरवते. याहून लांब काडतूस मॅगझिनमध्ये अडकू शकतं. शिवाय त्याआधीच गोळी नळीतल्या आट्यांना, म्हणजे आतल्या पीळदार खाचांना, टेकण्याची शक्यता असते. सगळ्या पिस्तुलांत आट्या सारख्याच अंतरावर सुरू होत नाहीत. एका पिस्तुलात सुखाने बसणारं काडतूस दुसऱ्यात घट्ट रुतून बसतं, आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, पूर्ण बंदच होत नाही.

लांब काडतुसाचा त्रास असा लगेच दिसतो. आखूड काडतुसाचा दिसत नाही, म्हणून तोच जास्त भीतीचा.

आकडे घालून पाहू. ९ एमएमच्या गोळीचा व्यास सुमारे ९ मिलिमीटर, म्हणजे तिच्या बुडाचं क्षेत्रफळ सुमारे ६४ चौरस मिलिमीटर. एरवी पद्धतशीर बसवलेल्या गोळीखाली दारूसाठी ढोबळमानाने ६०० घन मिलिमीटर जागा उरते. गोळीच्या आकारानुसार थोडी कमी-जास्त. आता गोळी ३० थाऊ, म्हणजे पाऊण मिलिमीटर, जास्त खोल गेली असं धरा. ६४ गुणिले पाऊण, म्हणजे ४८ घन मिलिमीटर जागा गेली. सुमारे ८ टक्के.

जागा ८ टक्के कमी झाली म्हणजे दाबही ८ टक्के वाढेल, असा सरळ हिशोब इथे चालत नाही. दारू दाबाखाली जास्त वेगाने जळते. जास्त वेगाने जळली की दाब आणखी वाढतो, आणि त्या वाढलेल्या दाबाखाली ती आणखी वेगाने जळते. पिस्तुलाची दारू मुळातच झपाट्याने जळणारी असते. स्पीअर या गोळ्या बनवणाऱ्या कंपनीने ९ एमएमच्या एका भरणीत मुद्दाम गोळी ०.०३० इंच खोल बसवून पाहिली होती. तांब्याचा तुकडा किती चेपतो यावरून दाब मोजायच्या जुन्या पद्धतीत, तिच्याच एककात, हा दाब २८,००० वरून ६२,००० वर गेला. दुपटीहून जास्त.

तीस थाऊ म्हणजे पाऊण मिलिमीटर. नखाने सुद्धा जेमतेम जाणवेल एवढं. माझ्या टेबलावरच्या भिंतीला हे दोन आकडे मी मोठ्या अक्षरांत लिहून लावले आहेत.

आता माझ्या सहा थाऊकडे परत येऊ. तेवढ्याने जागा दीड टक्क्याच्या आसपास बदलते. मधल्या ताकदीच्या भरणीत याने काही बिघडत नाही. पण दारू कमाल मर्यादेला टेकलेली असेल, एखादी पुंगळी जाड असेल, उन्हात तापलेली असेल आणि वर गोळीही खोल असेल, तर या सगळ्या गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. म्हणून दारूचं प्रमाण काडतुसं भरायच्या छापील मॅन्युअलमधूनच घ्यायचं, खालच्या आकड्यापासून सुरुवात करायची आणि कमाल आकड्याजवळ घुटमळायचं नाही.

इथे नवखे हमखास एक चूक करतात. मॅन्युअलमधली लांबी त्या पानावर दिलेल्या गोळीचीच असते. गोल नाकाची गोळी आणि चपट्या नाकाची गोळी एकाच वजनाच्या असल्या तरी दोन्ही १.१५० लांबीला बसवल्या तर आत गेलेला भाग वेगळा असतो. जी गोळी मुळातच जास्त लांब, तिचा जास्त भाग पुंगळीत शिरतो. गोळीची कंपनी बदलली की लांबी नव्याने ठरवायची.

ती ठरवायची कशी? पिस्तुलाची नळी काढून घ्या. दारू आणि प्रायमर नसलेल्या पुंगळीत गोळी जरा वर बसवा आणि ते नकली काडतूस नळीत सोडा. टक्‌ असा आवाज करत ते पूर्ण बसलं पाहिजे, दोन बोटांनी मोकळं फिरलं पाहिजे आणि नळी उलटी केली की आपोआप खाली पडलं पाहिजे. फिरताना घासत असेल तर गोळी आट्यांना टेकते आहे. थोडी आणखी खोल बसवा, पुन्हा सोडा. मोकळं झाल्यावर त्याहून पंधराएक थाऊ कमी घ्या. मात्र ते मॅन्युअलमधल्या लांबीपेक्षा आखूड होत असेल तर तिथेच थांबा आणि वेगळी गोळी निवडा.

क्रम लिहून ठेवा

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं एवढंच आहे: वीस काडतुसं मोजा, पण ज्या क्रमाने प्रेसमधून निघाली त्या क्रमाने, आणि आकडे त्याच क्रमाने वहीत लिहा. बहुतेक जण डब्यातून मूठभर उचलतात, सगळ्यात मोठा आणि सगळ्यात छोटा आकडा पाहतात आणि डाय पिळायला लागतात. त्या दोन आकड्यांतून कारण कळत नाही. ते क्रमातून कळतं.

कारखान्यात आम्ही हेच करत होतो. मशीनमधून निघणाऱ्या जॉबचं माप दर थोड्या वेळाने घेऊन तक्त्यावर ठिपका द्यायचा. वॉल्टर श्यूहार्ट यांनी १९२४ मध्ये अमेरिकेत हा तक्ता मांडला. त्यातलं शहाणपण असं की, ठिपके थोडे वर-खाली होणारच. ते एका बाजूला सरकायला लागले किंवा मध्येच उडी मारली, तरच मशीनला हात लावायचा. नुसत्या वर-खाली होणाऱ्या ठिपक्यांच्या मागे लागून दर वेळी सेटिंग बदललं, तर फरक कमी होण्याऐवजी वाढतो.

काडतुसांचंही तसंच आहे. आकडे हळूहळू एकाच दिशेला सरकत असतील तर कुठेतरी काहीतरी साठतं आहे किंवा सैल होतं आहे. अचानक उडी असेल तर प्रेसवरचा भार बदलला. दोन वेगळे गट पडत असतील तर दोन तऱ्हेच्या पुंगळ्या किंवा गोळ्या मिसळल्या आहेत. काहीच नक्षी नसेल तर गोळीच्या टोकाकडे किंवा स्वतःच्या कॅलिपरकडे पाहा.

कॅलिपर आधी पाहू, कारण ते दोन मिनिटांचं काम आहे. एकच काडतूस दहा वेळा मोजा, दर वेळी जबडे उघडून, काडतूस बाजूला ठेवून, पुन्हा उचलून. माझ्या हातून दहा वेळांत दोन थाऊचा फरक सहज येतो. काडतूस जरासं तिरकं धरलं की लांबी वाढते, अंगठ्याचा जोर जास्त पडला की कमी होते. म्हणजे दोन थाऊपर्यंतच्या फरकाबद्दल मला काही बोलण्याचा अधिकारच नाही. स्वतःचा हा आकडा प्रत्येकाने काढून ठेवावा. मोजताना काडतूस बुडावर टेकवून किंचित फिरवा. बूड डुलत असेल तर प्रायमर वर राहिला आहे का ते बघा. तो बुडाशी सपाट किंवा किंचित आत हवा. वर राहिलेला प्रायमर माप तर बिघडवतोच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे तो स्वतःच धोका आहे.

थाळी वाकते

आता माझ्या त्या शंभरांचं कोडं.

माझी प्रेस प्रोग्रेसिव्ह प्रकारची आहे. म्हणजे खाली पाच खाचांची एक गोल थाळी, शेल प्लेट, आणि वर पाच जागा. दांडा एकदा ओढला की पाचही पुंगळ्यांवर पाच वेगवेगळी कामं एकाच वेळी होतात. पहिल्या जागी जुना प्रायमर निघतो आणि फुगलेली पुंगळी दाबून मूळ मापाला येते. दुसरीकडे तोंड किंचित रुंद होऊन दारू पडते. तिसरीकडे मी दारू तपासतो. चौथ्या जागी गोळी बसते, आणि पाचव्या जागी पुंगळीचं तोंड गोळीभोवती नीट मिटवलं जातं. त्याला क्रिंप म्हणतात. मग थाळी एक घर पुढे फिरते.

या पाचांत सगळ्यात जोराचं काम पहिलं. फुगलेलं पितळ दाबायला हाताला चांगलाच जोर लागतो. तो जोर थाळीला आणि खालच्या दांड्याला खाली रेटतो. लोखंड आहे म्हणून वाकत नाही असं नाही; पाच-सहा थाऊ ते सहज देतं. थाळी तेवढी खाली राहिली की चौथ्या जागची पुंगळीही तेवढी खाली राहते, आणि गोळी तेवढी कमी खोल बसते.

सेटिंग करताना मी एकच पुंगळी पाच जागांमधून एकटीच फिरवली होती. ती चौथ्या जागी आली तेव्हा पहिली जागा रिकामी. थाळीवर तो भार नव्हता, म्हणून १.१५०. शंभरांची पाळी सुरू झाली तेव्हा पहिल्या जागी सतत पुंगळी, म्हणून १.१५६. आणि शेवटी पुंगळ्या संपल्या तेव्हा? शेवटची पुंगळी पहिल्या जागेवरून पुढे सरकली त्या क्षणापासून पहिली जागा रिकामी. त्या वेळी चौथ्या जागी होती शेवटून तिसरी. मग शेवटून दुसरी, मग शेवटची. बरोबर तीन. वहीतले ते तीन आकडे आणि थाळीवरच्या खाचा एकमेकांसमोर ठेवून मोजल्या, तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. मी गॅरेजमधून घरात जाऊन बायकोला उठवून हे सांगितलं.

उपाय सोपा आहे. चौथ्या जागेची डाय लावताना पाचही खाचा भरलेल्या ठेवायच्या. म्हणजे दोन-चार पुंगळ्या आधी चालवून घ्यायच्या आणि मगच मोजायला लागायचं. शेवटच्या तीन काडतुसांसाठी पहिल्या जागी फालतू पुंगळ्या घालत राहायच्या, म्हणजे भार तोच राहतो. पाळी चालू असताना पुंगळी भरणारी नळी कधी अडकते आणि एक खाच रिकामी जाते. त्या वेळी चौथ्या जागी असलेलं काडतूस वेगळं काढून मोजायचं. दुसऱ्या कुणाच्या प्रेसवर फरक उलट्या दिशेलाही जाऊ शकतो, कारण काही थाळ्या नुसत्या खाली जात नाहीत, तिरप्या होतात. दिशा कुठलीही असो, ताडून पाहायची पद्धत हीच.

भार कमी करता आला तर फरकही आपसूक कमी होतो. पिस्तुलाच्या पुंगळ्यांसाठी कार्बाइडच्या डाय मिळतात, त्यांना वंगण लागत नाही असं लिहिलेलं असतं आणि ते खरंही आहे. तरी मी पुंगळ्यांवर लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण हलकं फवारतो. अल्कोहोल उडून जाईपर्यंत थांबतो, मग भरायला घेतो. दांडा हाताला लोण्यासारखा चालतो आणि प्रत्येक झटक्याला जोर सारखाच लागतो. लांबीच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने दिसला. दांडा दर वेळी खाली टेकेपर्यंत ओढायचा आणि क्षणभर थांबायचं, ही सवयही तितकीच महत्त्वाची.

मिसळलेल्या पुंगळ्यांचा मुद्दा इथेच येतो. रेंजवरून वेचून आणलेल्या पुंगळ्या पाच-सहा कंपन्यांच्या असतात. पितळ कमी-जास्त जाड, कमी-जास्त कडक. पुंगळीची स्वतःची लांबी काडतुसाच्या लांबीत मोजली जात नाही हे खरं. पण जाड पुंगळी दाबायला जोर जास्त लागतो, आणि गोळी तिच्यात शिरतानाही जास्त अडते. तो जोर पुन्हा थाळीवरच येतो. वहीत दोन गट दिसले की बुडावरचे शिक्के पाहा. सरावासाठी मी मिसळलेल्याच वापरतो. सामन्यासाठी एकाच शिक्क्याच्या निवडून ठेवतो.

गोळीचं टोक खरं बोलत नाही

गोळी खाली दाबणारा जो दट्ट्या असतो तो गोळीच्या टोकाला टेकतोच असं नाही. बहुतेक वेळा तो टोकाच्या जरा खाली, गोलाईवर कड्यासारखा बसतो. आपण मात्र मोजतो टोकापासून. त्यामुळे एका गोळीचं टोक तीन थाऊ पुढे आलेलं आणि दुसरीचं मागे असेल, तर काडतुसांची लांबी तीन थाऊने वेगळी दिसेल. तरीही दोन्ही गोळ्या आत अगदी सारख्याच खोल बसलेल्या असू शकतात. पोकळ टोकाच्या आणि उघड्या शिशाच्या गोळ्यांत हे फार दिसतं, कारण त्यांची टोकं डब्यात आपटूनच चेपलेली असतात. घरी ओतलेल्या शिशाच्या गोळ्यांत साच्याच्या प्रत्येक खणाची गोळी किंचित वेगळी निघते.

हे ताडायला मी एक नट वापरतो. गोळीच्या व्यासापेक्षा लहान भोकाचा, दोन्ही तोंडं नीट घासलेला साधा नट. तो गोळीच्या नाकावर टोपीसारखा ठेवायचा आणि बुडापासून नटाच्या वरच्या तोंडापर्यंत मोजायचं. आता टोकाचा संबंधच उरला नाही, माप गोलाईवरून मिळालं. टोकाने मोजताना सहा थाऊ आणि नटाने मोजताना दोन थाऊ फरक येत असेल, तर प्रेसला हात लावू नका. तिचं काम ती चोख करते आहे.

दट्ट्याचा आकार गोळीच्या नाकाशी जुळत नसेल तर मात्र तो बदलावा. गोल नाकाला खोलगट, चपट्या नाकाला सपाट. जुळत नसेल तर मऊ शिशावर कड्यासारखा वण उठतो, आणि दर वेळी तो वेगवेगळ्या खोलीचा असतो.

दट्ट्यात साठणारी घाण हे हळूहळू सरकणाऱ्या आकड्यांचं नेहमीचं कारण. शिशाच्या गोळीवरचं मेण आणि शिशाची सूक्ष्म सालं दट्ट्याच्या खोलग्यात भरत जातात. थर जाड झाला की गोळी तेवढी जास्त खोल ढकलली जाते. म्हणजे काडतुसं आखूड होत जातात, आणि तीच आपल्याला नको असलेली दिशा आहे. मी दर दोनशे काडतुसांनंतर दट्ट्या काढून पुसतो. तोच कापूस थाळीच्या खाली फिरवतो. तिथे सांडलेले दारूचे दाणे अडकलेले असतात, आणि एक दाणाही थाळी उचलून धरायला पुरतो.

गोळी बसवणं आणि क्रिंप ही दोन कामं एकाच डायमध्ये करता येतात, पण पिस्तुलासाठी मला ते पटत नाही. गोळी अजून खाली सरकत असतानाच पुंगळीचं तोंड तिला धरायला लागतं. पुंगळी जराशी लांब असली तर लवकर धरतं, आखूड असली तर उशिरा. दोन कामं दोन जागी केली की हा प्रश्नच उरत नाही.

भरून झाल्यावर सरकणारी गोळी

सारख्या लांबीची शंभर काडतुसं डब्यात ठेवली म्हणजे काम झालं असं नाही. ऑटोमॅटिक पिस्तुलात काडतूस मॅगझिनमधून वर येताना त्याचं नाक समोरच्या उतारावर जोरात आपटतं. गोळी सैल असेल तर त्या धक्क्याने आत सरकते. स्पीअरच्या त्या दोन आकड्यांमागची खरी भीती ही आहे.

गोळी धरून ठेवते ती पुंगळीची पकड, क्रिंप नव्हे. ९ एमएम आणि .४५ मध्ये क्रिंपचं काम फक्त तोंडाची रुंदी परत मिटवण्याचं. तो जास्त दिला तर उलटंच होतं: दाब गेल्यावर पितळ किंचित मागे उघडतं, शिसं मात्र चेपलेलंच राहतं, आणि गोळी आणखी सैल होते. तपासायला भरलेलं काडतूस मोजा, नाक लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्यांनी जोर देऊन दाबा, पुन्हा मोजा. माप बदललं तर पकड कमी आहे. तसंच, तेच काडतूस पुन्हा पुन्हा चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या काडतुसाच्या जागेत, चढवू नये. चढवलंच तर मोजून पाहावं.

लांब राहिलेलं काडतूस पुन्हा डायखाली घालून खाली दाबता येतं. आखूड झालेलं वर ओढता येत नाही. ते हातोडीसारख्या पुलरने फोडून सुटं करायचं आणि दारू टाकून द्यायची. एखादं आखूड काडतूस "चालून जाईल" म्हणून मॅगझिनमध्ये भरू नका, ही माझी हात जोडून विनंती आहे.

मग किती फरक चालतो? प्रोग्रेसिव्ह प्रेसवर, मिसळलेल्या पुंगळ्यांसह, मधल्या ताकदीच्या भरणीला मी ठरलेल्या मापाच्या वर-खाली पाच थाऊ मान्य करतो. सामन्याच्या काडतुसांना तीन. त्याच्या आत घुसायचा प्रयत्न मी सोडून दिला, कारण दोन थाऊ तर माझ्या हातातच आहेत.

अचूकतेसाठी याचा किती उपयोग? ओहायोतच, ईरी सरोवराच्या काठी, कॅम्प पेरी आहे. तिथे १९०७ पासून राष्ट्रीय सामने भरतात. पिस्तुलाच्या सामन्यात एका हाताने ५० यार्डांवरून, म्हणजे जवळपास ४६ मीटरवरून, नेम धरायचा असतो आणि दहा गुणांचं वर्तुळ ३.३६ इंचांचं. तिथले जुने नेमबाज .४५ ला खांदा असलेली शिशाची गोळी वापरतात, आणि लांबी विचारली तर आधी आकडा सांगत नाहीत. खांदा पुंगळीच्या तोंडावर अंगठ्याच्या नखाच्या जाडीएवढा दिसला पाहिजे, असं सांगतात. ते बरोबरच आहे. त्या गोळीत नळीला भेटतो तो खांदा, टोक नव्हे. त्यांचं नख आणि माझा नट एकच गोष्ट मोजतात.

त्या रात्रीनंतर मी पाचही खाचा भरून डाय पुन्हा लावली आणि आणखी शंभर भरली. आकडे १.१४९ ते १.१५२ मध्ये राहिले. शेवटच्या तीन काडतुसांच्या मागे तीन फालतू पुंगळ्या चालवल्या; तीही त्यातच आली. डब्यावरच्या चिठ्ठीत आता तारीख, गोळी, दारू आणि लांबी यांच्याखाली मी आणखी एक ओळ लिहितो: थाळी भरलेली.